अनास्थेचे दफ्तर

२५ मार्च १९९८ रोजी अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बिल क्लिंटन काही तासांसाठी रवांडाची राजधानी किगाली येथे उतरले. विमानतळाच्या आवाराबाहेर ते पडले नाहीत. चार वर्षांपूर्वी त्या देशात झालेल्या वंशसंहारातून वाचलेल्या माणसांना ते तेथेच भेटले आणि त्यांच्यासमोर त्यांनी एक कबुली दिली. जगभर आपल्यासारखी माणसे दिवसामागून दिवस कचेऱ्यांत बसून होती आणि रवांडावर कोसळणाऱ्या आपत्तीचा वेग व तिची खोली त्यांना पुरती उमगली नाही, असा त्या कबुलीचा आशय होता. तिच्यात नम्रता होती, खेदही होता. परंतु तिच्यातील मुख्य विधान सत्याला धरून नव्हते.

कचेऱ्यांत माणसे बसून होती, हे खरे. त्यांना उमगले नव्हते, हे मात्र खरे नाही. १९९७ साली बेल्जियमच्या सिनेटने केलेली चौकशी, १९९९ साली इंग्वार कार्लसन यांच्या समितीने संयुक्त राष्ट्रसंघाला सादर केलेला अहवाल, अमेरिकेत माहितीच्या कायद्यान्वये खुली झालेली सरकारी टिपणे आणि २०२१ सालचा फ्रेंच इतिहासकारांच्या आयोगाचा अहवाल, असे पुष्कळ साहित्य आज अभ्यासकांसमोर आहे. हे सारे दफ्तर एकत्र वाचले म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. आफ्रिकेतील हत्याकांडांविषयी पाश्चात्त्य राष्ट्रांची जी अनास्था म्हणून ओळखली जाते, ती केवळ मनाची एक अवस्था नसते. टिपणे लिहून, खर्चाचे अंदाज मागवून, नेमके शब्द गाळून आणि ठराव संमत करून ती पार पाडली जाते. झोपलेल्याला जागे करता येते, झोपेचे सोंग घेतलेल्याला जागे करता येत नाही, ही म्हण मराठी माणसाला ठाऊक आहे. सोंग ओळखले नाही, तर ‘माहिती मिळाली असती तर काही केले असते’ ही सबब दर वेळी खरी मानावी लागते.

जानेवारीतील तार

रवांडा हा मराठवाड्याच्या निम्म्याहूनही लहान देश. तेथील बहुसंख्य हुतू आणि अल्पसंख्य तुत्सी यांची भाषा एक, धर्म एक आणि वस्तीही एकमेकांत मिसळलेली. त्यांच्यातील भेद पूर्वीपासून होते. पण १९३० नंतरच्या दशकात बेल्जियन राज्यकर्त्यांनी प्रत्येकाच्या ओळखपत्रावर त्याची जमात नोंदवून ते भेद कायमचे गोठवले. साठ वर्षांनी रस्त्यारस्त्यांवरील नाक्यांवर कोणाला मारावयाचे हे ठरविण्यासाठी हेच ओळखपत्र तपासले गेले. स्वातंत्र्यानंतरच्या हुतू राजवटीला १९९० पासूनच्या यादवीत फ्रान्सने शस्त्रे आणि लष्करी प्रशिक्षण पुरविले. तेव्हा पश्चिमेला या दूरच्या देशाची ओळखच नव्हती, असे म्हणण्यास प्रारंभापासूनच जागा नाही.

ऑगस्ट १९९३ मध्ये अरुशा येथे सरकार आणि तुत्सी बंडखोर यांच्यात समझोता झाला आणि त्यावर देखरेख करण्यासाठी राष्ट्रसंघाची सुमारे २,५०० सैनिकांची शांतिसेना किगालीत आली. तिचे प्रमुख होते कॅनडाचे सेनाधिकारी रोमेओ दालेर. ११ जानेवारी १९९४ रोजी त्यांनी न्यूयॉर्कला एक तार पाठविली. सत्ताधारी पक्षाच्या हत्यारबंद टोळ्यांना प्रशिक्षण देणाऱ्या एका माणसाने त्यांना माहिती पुरविली होती. किगालीतील तुत्सींची नोंद करण्याचे काम आपल्याला सांगण्यात आले असून त्याचा हेतू त्यांना नष्ट करण्याचा असावा आणि आपली माणसे वीस मिनिटांत हजार तुत्सींना ठार करू शकतील, असे त्याचे म्हणणे होते. शस्त्रांचे साठे कोठे आहेत हे दाखविण्याचीही त्याची तयारी होती. दालेर यांनी ते साठे जप्त करण्याचा बेत कळविला. कोफी अन्नान तेव्हा प्रमुख असलेल्या शांतिसेना विभागाने त्यास मनाई केली. ही माहिती रवांडाच्या अध्यक्षांना आणि अमेरिका, फ्रान्स व बेल्जियम यांच्या वकिलातींना द्यावी, असा आदेश आला. त्याप्रमाणे ती दिली गेली. म्हणजे हत्याकांडाच्या जवळजवळ तीन महिने आधी तिन्ही पाश्चात्त्य सरकारांच्या हाती ही वार्ता होती.

६ एप्रिल १९९४ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष हाब्यारिमाना यांचे विमान किगालीवर पाडण्यात आले. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान आगाथ उविलिंगियिमाना यांची हत्या झाली आणि त्यांच्या रक्षणासाठी पाठविलेल्या दहा बेल्जियन सैनिकांनाही ठार करण्यात आले. त्यानंतरच्या सुमारे शंभर दिवसांत राष्ट्रसंघाच्या अंदाजाप्रमाणे आठ लाख माणसे मारली गेली; रवांडाचे सरकार हा आकडा दहा लाखांवर असल्याचे सांगते. बहुतेक बळी तुत्सी होते. या कत्तलीला विरोध करणारे हुतूही त्यातून सुटले नाहीत.

तत्परता कोणासाठी?

या शंभर दिवसांत पाश्चात्त्य राष्ट्रांनी काहीच केले नाही, असे म्हणणे चुकीचे ठरेल. पहिल्या चार-पाच दिवसांत त्यांनी असामान्य तत्परता दाखविली. फ्रेंच आणि बेल्जियन छत्रीसैनिक किगालीच्या विमानतळावर उतरले. शेजारच्या बुरुंडीत अमेरिकेचे नौसैनिक सज्ज राहिले. अमेरिकी वकिलातीचा ताफा खुष्कीच्या मार्गाने बाहेर पडला. परदेशी नागरिकांना शोधून, गोळा करून, सुखरूप नेण्यात आले. हत्याकांड चालू असताना किगालीत सैन्य उतरविणे शक्य आहे, हे अशा रीतीने या राष्ट्रांनी स्वतःच सिद्ध केले. काम झाल्यावर ते सैन्य परतले.

या परतण्याचा अर्थ किगालीतील तंत्रशाळेच्या आवारात दिसला. तेथे बेल्जियन शांतिसैनिकांचा तळ होता आणि त्यांच्या आश्रयाला सुमारे दोन हजार माणसे आली होती. फाटकाबाहेर मारेकरी उभे होते. ११ एप्रिल रोजी परदेशी नागरिकांना हलविल्यानंतर बेल्जियन सैनिकांना तळ सोडण्याचा हुकूम झाला. आश्रितांनी गयावया केली. गाड्या निघून गेल्या. त्याच दिवशी त्यांतील बहुसंख्यांची कत्तल झाली.

दहा सैनिक गमावल्यावर बेल्जियमने आपले पथक माघारी बोलाविले आणि इतरांनीही तसेच करावे अशी खटपट केली. २१ एप्रिल रोजी सुरक्षा समितीने शांतिसेनेची संख्या २७० पर्यंत कमी करण्याचा ठराव एकमताने संमत केला. कत्तल ऐन भरात असताना रक्षक कमी करण्याचा हा निर्णय होता. त्याला पाठिंबा देणाऱ्यांत केवळ पाश्चात्त्य राष्ट्रे नव्हती, हेही नमूद केले पाहिजे. रवांडा स्वतः त्या वर्षी समितीचा सदस्य होता. ज्या सरकारच्या छत्राखाली संहार चालला होता, त्याचा प्रतिनिधी त्या मेजाशी बसत होता आणि त्याला उठवून लावावे असे कोणास वाटले नाही.

एका शब्दाचे भय

राफाएल लेमकिन या पोलिश ज्यू कायदेपंडिताने १९४४ साली वंशसंहारासाठी एक नवा शब्द घडविला आणि १९४८ च्या डिसेंबरात राष्ट्रसंघाने त्याविषयीचा करार स्वीकारला. वंशसंहाराला प्रतिबंध करण्याची बांधिलकी या कराराने सह्या करणाऱ्या राष्ट्रांवर टाकली. १९९४ साली हाच करार पाश्चात्त्य राजनीतिज्ञांना अडचणीचा वाटू लागला. १ मे रोजी अमेरिकेच्या संरक्षणखात्यात चर्चेसाठी तयार झालेल्या एका टिपणात, वंशसंहार झाल्याचा निष्कर्ष काढल्यास सरकारला प्रत्यक्ष ‘काही तरी करणे’ भाग पडेल, तेव्हा सावध राहावे, असा इशारा दिलेला आहे. त्याच्या आदल्याच दिवशी सुरक्षा समितीच्या अध्यक्षांचे निवेदन प्रसिद्ध झाले होते. करारातील व्याख्येचे शब्द त्यात उतरविले होते. मूळ शब्द तेवढा वगळला होता. तो घालावा असा आग्रह न्यूझीलंड आणि झेक प्रजासत्ताक या लहान राष्ट्रांनी धरला होता. मोठ्यांपुढे त्यांचे चालले नाही.

जून उजाडला तरी हा खेळ संपला नव्हता. १० जून रोजी अमेरिकी परराष्ट्रखात्याच्या प्रवक्त्या रवांडात ‘वंशसंहाराची कृत्ये’ घडली आहेत असे सांगत होत्या. पण तेथे वंशसंहार होत आहे असे म्हणावयास तयार नव्हत्या. अशी किती कृत्ये झाली म्हणजे वंशसंहार होतो, असे एका वार्ताहराने विचारले. त्याचे उत्तर देण्याच्या स्थितीत आपण नाही, असे त्यांनी सांगितले. एखाद्या कारकुनाने अर्जातील रकान्यावर बोट ठेवून दारातल्या माणसाला परत पाठवावे, तसा हा प्रकार होता. दारात मात्र एक अख्खी जमात उभी होती.

खर्चाचे अंदाज

सोमालियात ऑक्टोबर १९९३ मध्ये अठरा अमेरिकी सैनिक मारले गेले होते. त्यानंतर अमेरिकी लोकमत आफ्रिकेत सैन्य पाठविण्यास प्रतिकूल झाले, ही गोष्ट खरी आहे आणि लोकशाही सरकारला लोकमताकडे पाठ फिरविता येत नाही, हेही मान्य करावे लागेल. पण सैन्य पाठविणे एवढा एकच उपाय हाती होता काय? किगालीतील एक खाजगी नभोवाणी केंद्र दिवसरात्र द्वेष ओकत होते आणि कोणाला कोठे गाठून मारावे हे नावानिशी सांगत होते. त्या केंद्राचे प्रक्षेपण विमानातून अडविण्याची सूचना पुढे आली. अमेरिकी संरक्षणखात्यातील वरिष्ठ अधिकारी फ्रँक विस्नर यांनी ५ मे रोजी त्यावर टिपण लिहिले. असे करणे परिणामकारक ठरणार नाही, ते खर्चाचे आहे आणि उड्डाणाच्या दर तासाला सुमारे ८,५०० डॉलर पडतील, असे त्यात म्हटले आहे. आंतरराष्ट्रीय संकेतांचीही आडकाठी होती. सूचना तेथेच संपली. हेच विस्नर त्या वर्षी अमेरिकेचे राजदूत म्हणून नवी दिल्लीत आले.

१७ मे रोजी सुरक्षा समितीने आपलाच निर्णय फिरवून ५,५०० सैनिकांच्या नव्या शांतिसेनेला मंजुरी दिली. आफ्रिकी देश सैनिक देण्यास पुढे आले. त्यांच्याजवळ वाहने नव्हती. राष्ट्रसंघाने अमेरिकेकडे पन्नास चिलखती गाड्या मागितल्या. मग त्या भाड्याने द्यावयाच्या की कशा, त्यांची वाहतूक कोणी करावयाची, पैसे कोणी भरावयाचे, यावर कित्येक आठवडे कागदी घोडे नाचले. गाड्या युगांडात पोहोचेपर्यंत जून सरत आला होता आणि तेथून त्या रवांडात आल्या तेव्हा मारावयाचे कोणी फारसे उरलेही नव्हते. जुलैच्या मध्यास बंडखोर सेनेने देश जिंकल्यावरच हत्याकांड थांबले.

साम्राज्यवादाचा आक्षेप

या ठिकाणी एक आक्षेप घेतला जाईल आणि भारतासारख्या देशात तो विशेष जोराने घेतला जातो. पाश्चात्त्य राष्ट्रांनी आफ्रिकेत हस्तक्षेप करावा असे म्हणणे म्हणजे साम्राज्यवादाला पुन्हा निमंत्रण देणे नव्हे काय? १८८४-८५ साली बर्लिनच्या परिषदेत आफ्रिकेच्या वाटणीचे नियम ठरविणाऱ्यांनीही लोककल्याणाचीच भाषा वापरली होती. २०११ साली लिबियात नागरिकांच्या रक्षणासाठी म्हणून केलेली कारवाई राजवट उलथविण्यापर्यंत गेली आणि त्या देशाची शकले झाली. त्या ठरावावर भारत तटस्थ राहिला होता आणि त्याची शंका अनाठायी नव्हती.

आक्षेप गंभीर आहे. पण रवांडाच्या बाबतीत तो लागू पडत नाही. तेथे कोणी स्वारी करावी अशी मागणी नव्हती. जे सैनिक राष्ट्रसंघाच्या निशाणाखाली आधीच हजर होते, त्यांना काढून घेऊ नये, एवढेच पहिले मागणे होते. प्रक्षेपण अडविणे, मारेकऱ्यांच्या सरकारच्या प्रतिनिधींना घरी धाडणे, घडते आहे त्याला त्याच्या नावाने संबोधणे, मागितलेली वाहने वेळेवर देणे, यांतील कोणत्याही गोष्टीसाठी एकाही अमेरिकी वा युरोपीय तरुणाला प्राण द्यावे लागले नसते. हत्याकांड चालू असताना त्या सरकारचे प्रतिनिधी पॅरिसमध्ये वरिष्ठांना भेटून आले. वॉशिंग्टनमधील त्यांची वकिलात १५ जुलैला, म्हणजे सारे आटोपल्यावर, बंद करण्यात आली. बैल गेला आणि झोपा केला, तो असा.

थोड्या साधनांत काय करता येते, हे मागे राहिलेल्यांनी दाखविले. हेन्री अन्यिदोहो या सेनाधिकाऱ्याच्या घानाई पथकाने जाण्याचे नाकारले. त्या मूठभर सैनिकांनी किगालीचे क्रीडागार आणि इतर काही ठिकाणे राखली व हजारो जीव वाचले. सेनेगलचे कॅप्टन एम्बाये दियान हे निःशस्त्र निरीक्षक होते. हसतखेळत, सिगारेटी वाटत, नाक्यांवरील मारेकऱ्यांशी हुज्जत घालत ते गाडीतून थोडी थोडी माणसे सुरक्षित जागी नेत राहिले. शेकडो माणसे त्यांच्यामुळे वाचली, असे मानले जाते. ३१ मे रोजी तोफगोळ्याने त्यांचा बळी घेतला. त्यांना जे ठाऊक होते, ते वॉशिंग्टनला आणि पॅरिसलाही ठाऊक होते.

चित्रे आली, दया आली

जुलै १९९४ मध्ये दृश्य पालटले. पराभूत राजवटीच्या मागोमाग सुमारे दहा लाख लोक काही दिवसांत सरहद्द ओलांडून झाईरमधील गोमा येथे आले. पटकीची साथ पसरली आणि हजारो माणसे मेली. दूरचित्रवाणीचे कॅमेरे तेथे पोहोचले आणि जी विमाने एप्रिलमध्ये मिळत नव्हती ती धान्य, औषधे व पाणी घेऊन येऊ लागली. आजारी, भुकेल्या माणसाला मदत करण्यात दोष नाही. परंतु त्या छावण्यांवर हत्याकांडाच्या सूत्रधारांचाच ताबा होता; मदतीचे वाटप त्यांच्या हातून होत होते आणि त्यातून त्यांचे सैन्य पुन्हा उभे राहत होते. हे पाहून ‘सीमेपलीकडील डॉक्टर’ या संघटनेच्या फ्रेंच शाखेने नोव्हेंबरात तेथून काढता पाय घेतला. पुढे याच छावण्यांचे निमित्त होऊन १९९६ साली काँगोत युद्ध पेटले आणि त्या देशाच्या पूर्व भागाला अद्याप शांतता लाभलेली नाही. वेळेवर न केलेल्या थोड्या कामाची किंमत शेजाऱ्याच्या दोन पिढ्या मोजत आहेत.

शब्द उच्चारला, पुढे काय?

रवांडापासून धडा घेतला, असे पुष्कळदा सांगितले गेले. २००५ साली जगातील राष्ट्रप्रमुखांनी राष्ट्रसंघात एकत्र येऊन संरक्षणाच्या जबाबदारीचे तत्त्व स्वीकारले. सुदानच्या दारफुर प्रांतात तोवर दोन वर्षे गावे जळत होती. ९ सप्टेंबर २००४ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सिनेटच्या समितीपुढे तो टाळलेला शब्द उच्चारला. दारफुरमध्ये वंशसंहार झाला आहे, असे त्यांनी सांगितले. मात्र या निष्कर्षामुळे कोणतीही नवी कारवाई करणे ओघाने येत नाही, असेही त्यांनी त्याच निवेदनात जोडले. दहा वर्षांपूर्वी शब्दाचे भय होते, कारण त्यामागून कर्तव्य येईल असे वाटत होते. आता शब्द आणि कर्तव्य यांची फारकत करून भयच नाहीसे करण्यात आले.

दारफुरची शांतिसेना ३१ डिसेंबर २०२० रोजी गुंडाळण्यात आली. १५ एप्रिल २०२३ रोजी सुदानचे सैन्य आणि ‘शीघ्र साहाय्य दल’ नावाची निमलष्करी फौज यांच्यात युद्ध पेटले. पुन्हा पहिल्या काही दिवसांत परदेशी नागरिकांना हलविणारी विमाने आणि जहाजे तत्परतेने आली. त्या वर्षी एकट्या अल जनीना शहरात दहा ते पंधरा हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञांनी दिला. बळी प्रामुख्याने मसालीत जमातीचे होते. युद्धामुळे एक कोटी वीस लाखांहून अधिक माणसे घरांस मुकली. ऑगस्ट २०२४ मध्ये झमझमच्या निर्वासित छावणीत दुष्काळ पडल्याचे तज्ज्ञांनी अधिकृतपणे जाहीर केले. ७ जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री अँटनी ब्लिंकन यांनी या निमलष्करी दलाने वंशसंहार केल्याचा निर्वाळा दिला. त्याच महिन्यात नव्या सरकारने परदेशी मदत गोठवली आणि स्थानिक स्वयंसेवकांनी चालविलेली सुदानमधील कित्येक अन्नछत्रे बंद पडली. राष्ट्रसंघाने २०२५ साली सुदानसाठी जेवढी मदत मागितली होती, तिच्या निम्मीही जमली नाही.

एल फाशर शहराला याच दलाने सुमारे दीड वर्ष वेढा घातला होता. तो उठवावा असा ठराव सुरक्षा समितीने जून २०२४ मध्ये केला होता. येल विद्यापीठातील संशोधक उपग्रहचित्रांच्या आधारे येणाऱ्या संकटाची वार्ता महिनोन्‌महिने देत होते. २६ ऑक्टोबर २०२५ रोजी शहर पडले आणि कत्तल सुरू झाली. जमिनीवर पडलेले देहांचे पुंजके त्या चित्रांत अवकाशातून दिसले. संयुक्त अरब अमिरातींकडून या दलाला शस्त्रे मिळतात, असा आरोप वारंवार झाला आहे. अमिरातींनी त्याचा इन्कार केला आहे. त्या आरोपाची तड लावण्यासाठी आपल्या या धनाढ्य मित्रावर दडपण आणण्याची उत्सुकता मात्र पाश्चात्त्य राजधान्यांत दिसली नाही. माहिती वाढली म्हणून कृती वाढत नाही, हे एल फाशरने निर्विवाद सिद्ध केले.

नवी दिल्लीचे पान

या विषयावर लिहिताना पश्चिमेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून मोकळे होणे सोपे असते. भारतीय वाचकाला पाश्चात्त्य अनास्थेचा अनुभव आहेही. १९७१ साली ढाक्यातील अमेरिकी वाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी पूर्व बंगालमधील कत्तलींना वेचक वंशसंहार म्हणून वॉशिंग्टनला तार केली होती. निक्सन सरकारने पाकिस्तानची पाठराखण सोडली नाही. बदली झाली ती ब्लड यांची. किगालीतील दफ्तराचे हे आधीचेच पान म्हणता येईल.

पण भारताचेही एक दफ्तर आहे आणि ते एकरंगी नाही. काँगोत १९६१ साली राष्ट्रसंघाच्या सेनेत लढताना धारातीर्थी पडलेल्या कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांना परमवीरचक्र देण्यात आले. सोमालियात भारतीय पथके गेली. दक्षिण सुदानमध्ये २०१३ साली भारतीय सैनिकांनी नागरिकांचे रक्षण करताना प्राण दिले. शांतिसेनेत सर्वाधिक जवान गमावलेल्या देशांत भारताची गणना होते. सुरक्षा समितीत नकाराधिकार बाळगणाऱ्या पाश्चात्त्यांना या बाबतीत भारताकडे बोट दाखविता येणार नाही. याच दफ्तरात आणखी एक कागद आहे. २००३ साली, दारफुरमध्ये आग लागली त्याच वर्षी, भारताच्या सार्वजनिक क्षेत्रातील तेल कंपनीने सुदानच्या तेल प्रकल्पात पंचवीस टक्के भाग घेतला. खार्टुमच्या राजवटीशी व्यवहार करताना गावे कोण जाळीत आहे, हा प्रश्न नवी दिल्लीने फारसा विचारला नाही. २०२३ साली ‘कावेरी’ मोहिमेत ३,८०० हून अधिक लोकांना सुदानमधून सुखरूप आणण्यात आले, हे निःसंशय अभिमानास्पद होते. मागे राहिलेल्या सुदानी माणसाचे पुढे काय झाले, याचा विचार मात्र येथेही विमाने परतल्यावर थांबला.

याचे एक कारण बातमीच्या मार्गात आहे. १९७६ साली अलिप्त राष्ट्रांनी आपल्या वृत्तसंस्थांचा संघ उभारला, तो आफ्रिका आणि आशिया यांना एकमेकांची वार्ता लंडन-न्यूयॉर्कच्या मध्यस्थीवाचून कळावी म्हणून. तो प्रयत्न क्षीण होत गेला. आज मराठी वृत्तपत्रांत आफ्रिकेविषयी जे थोडेफार छापून येते, त्यातील बरेचसे पाश्चात्त्य वृत्तसंस्थांकडूनच येते. साहजिकच पश्चिमेची दृष्टी जेथून वळते, तेथून येथील दृष्टीही वळते आणि तिच्या अनास्थेची टीका करणारा नकळत तिच्याच अनास्थेत वाटेकरी होतो.

तेव्हा मागणी मोठ्या शब्दांची नसावी, छोट्या कृत्यांची असावी. जगाने जागे व्हावे, असे म्हटल्याने कोणीच जागे होत नाही. सरकारांना विचारावयाचे ते असे: तुमच्या हाती या घडीला कोणते अधिकार होते, कोणता पैसा होता, कोणाशी मैत्री होती आणि त्यांतील काय तुम्ही वापरले? हा प्रश्न भारताच्या संसदेतही विचारता येईल. अमिरातींशी भारताचे संबंध निकटचे आहेत. तेथे लक्षावधी भारतीय राबतात. त्या मैत्रीचा उपयोग सुदानमधील शस्त्रांचा ओघ थांबविण्यासाठी कधी केला काय, हे परराष्ट्रमंत्र्यांना विचारण्यासाठी हस्तक्षेपवादी व्हावे लागत नाही. सुदानच्या अन्नछत्रांसाठी भारताच्या कोठारांतील किती गहू आणि तांदूळ गेला, हेही विचारता येईल.

एल फाशरचे दफ्तर आणखी काही वर्षांनी उघडेल. त्यात उपग्रहचित्रे असतील, इशारे असतील, ‘सावध राहावे’ असे शेरे असतील आणि कदाचित एखाद्या विमानतळावर व्यक्त झालेला खेदही नंतर त्याला जोडला जाईल. त्या दफ्तरात नवी दिल्लीचेही एक पान असणार आहे. त्यावर काय लिहिले जात आहे, हे विचारण्याचा अधिकार येथील नागरिकांना आहे आणि दफ्तर बंद असतानाच तो बजावला पाहिजे.